खारजमिनीचे राज्यमंत्री

१९९० सालच्या विधानसभेला खंडेराव गायखे ऊर्फ तात्या यांना तिकीट मिळालं, कारण तालुक्यात त्यांच्यावर कुणाचाच राग नव्हता. राग यायला माणसानं काहीतरी केलेलं असावं लागतं. तात्यांनी तोवर टोमॅटो आणि फ्लॉवर पिकवून नाशिकच्या मार्केटात नेण्यापलीकडे काहीही केलं नव्हतं.

तालुक्यात खरे पुढारी दोन. एक साखर कारखान्याचे चेअरमन, दुसरे बँकेचे. दोघांनाही आमदार व्हायचं होतं, पण त्याहून जास्त, दुसऱ्यानं होऊ नये असं वाटत होतं. मुंबईतले पक्षश्रेष्ठी या दोघांच्या गाऱ्हाण्यांना इतके वैतागले की त्यांनी तिसरं नाव मागितलं. दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून एकच नाव सांगितलं. हा माणूस आपल्या शब्दाबाहेर जाणार नाही अशी दोघांचीही खात्री होती आणि ती बरोबर निघाली. पहिली पाच वर्षं तात्या दोघांच्याही शब्दाबाहेर गेले नाहीत. दोघांचे शब्द एकमेकांच्या विरुद्ध असले की ते आजारी पडत.

मी जीवन. तेव्हा पंचायत समितीत कनिष्ठ लिपिक होतो. अक्षर बरं होतं म्हणून तात्यांनी मला मदतीला मागून घेतलं, आणि मी पुढं त्यांच्या पडत्या काळातसुद्धा त्यांच्याकडंच राहिलो. तात्यांनी आमदार म्हणून जे काही लिहिलं ते मी लिहिलं. जे बोलले, त्यातलंही बरंच माझं.

लिहायचं फार नव्हतं म्हणा. लोक अर्ज घेऊन यायचे. तात्या चष्मा लावून अर्ज नीट वाचायचे, मान हलवायचे आणि माझ्याकडे द्यायचे. मी वर कोपऱ्यात लिहायचो, ‘योग्य ती कार्यवाही व्हावी.’ खाली तात्यांची सही. ती कार्यवाही कुणी करायची, कधी करायची, आणि योग्य म्हणजे कोणती, हे त्या चार शब्दांत कुठंच नव्हतं. म्हणूनच त्यावर कुणाचा आक्षेप यायचा नाही. माणसं तो कागद घडी घालून खिशात ठेवायची आणि समाधानानं घरी जायची.

तात्यांचा खरा कारभार चालायचा लग्नांत आणि दशक्रियांत. आमच्याकडे माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी नदीवर पिंडदान होतं, आणि कावळा शिवायच्या आधी पुढाऱ्यांची भाषणं होतात. कावळाही बिचारा सवयीनं भाषणं संपायची वाट बघतो. तात्यांचं भाषण मी लिहून दिलेलं होतं आणि ते त्यांना पाठ होतं. नाव तेवढं बदलायचं. एकदा एकाच घाटावर दोन दशक्रिया आल्या. तात्या घाईत होते. रंगूबाई नावाच्या म्हातारीसाठी ठेवलेलं भाषण त्यांनी वाळू पहिलवानाच्या दहाव्याला करून टाकलं. “सासरी-माहेरी दोन्ही घरं उजळणारी ही माऊली,” असं त्यांनी म्हटल्यावर मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वाळू पहिलवानाची तिन्ही पोरं हुंदके देत होती. त्या दिवशी मला कळलं की तात्यांना राजकारणात भवितव्य आहे.

पाच वर्षांत विधानसभेत ते एकदाही बोलले नाहीत. मतदारसंघात त्याची कुणी तक्रारही केली नाही. तक्रार आली ती पक्षातून. १९९५ साली कारखान्याच्या चेअरमनांचा मुलगा ज्ञानेश वयात आला, म्हणजे निवडणुकीच्या वयात आला, आणि तात्यांचं तिकीट कापलं गेलं.

तात्या घरी येऊन ओट्यावर बसले. “जाऊ द्या,” म्हणाले. “टोमॅटोला यंदा बाजार बरा हे.”

त्यांच्या बायको चंद्रभागाबाई, आमच्या काकू, आतून बाहेर आल्या. काकू चौथी शिकलेल्या. पण घरातल्या खऱ्या राजकारणी त्याच. “पाच वर्षं यांनी लोकांच्या मयताला रडायचं, आणि आता त्या ज्ञानेशनं आयतं बसायचं? फॉर्म भरा अपक्ष. पडलात तर टोमॅटो कुठं पळून नाय चालले.”

तात्यांनी फॉर्म भरला. ज्ञानेश पडावा म्हणून बँकेच्या चेअरमनांनी गुपचूप तात्यांना मदत केली. तात्या निवडून आलेच तर ते एकट्या बँकेच्या चेअरमनांचे होऊ नयेत म्हणून ज्ञानेशच्याच काही माणसांनीही केली. त्यात दशक्रियांची पुण्याई होतीच. तात्या सहाशे अकरा मतांनी निवडून आले.

आणि मुंबईत गंमत अशी झाली, की कुणालाच बहुमत नव्हतं. कालपर्यंत ज्या माणसाला विधान भवनातला शिपाई ओळखत नव्हता, त्याची चौकशी मोठमोठी माणसं करायला लागली. तब्येत कशी आहे, जेवण झालं का, खोलीत पंखा चालतो ना. तात्यांनी पाठिंबा दिला आणि बदल्यात काकूंनी सांगितल्याप्रमाणे कृषी खातं मागितलं. “बघू” असं उत्तर मिळालं. काही महिने बघण्यात गेले. मग एका सकाळी फोन आला. तात्यांनी तो उभं राहून घेतला.

“हो. हो साहेब. आभारी आहे. कोणतं? काय म्हणाले? खार?” त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले. “जीवनराव, खार म्हणतायत.”

“खारजमीन विकास,” मी म्हणालो. “राज्यमंत्री.”

“पण म्हणजे काय असतं ते?”

ते मलाही नीट माहीत नव्हतं. पुस्तकात पाहिलं तेव्हा कळलं, की कोकणात समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घालतात, त्या बांधांचं हे खातं. नाशिक जिल्ह्यात समुद्र नाही. तात्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला होता तो मंत्रालयाच्या खिडकीतून.

गावात बातमी पोचली ती तिच्या पायांनी पोचली. लताबाई सरपंच हार घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, “तात्या, खारींसाठी पण सरकारात खातं असतंय का हो? झाडावरच्या?” कुणी म्हणालं लोणच्याच्या खाराचं असेल, लघुउद्योगात मोडत असेल. स्वागताच्या फलकावर तर पेंटरनं स्वतःच्या बुद्धीनं दुरुस्ती केली आणि ‘खाजगी जमीन विकास मंत्री’ असं ठळक रंगवलं. त्याचा परिणाम असा झाला, की पुढचे दोन महिने तालुक्यातली सगळी भावकी सातबारे घेऊन आमच्या दारात. याचा बांध त्यानं कोरला, त्यानं याची वाट अडवली. मी सगळ्यांवर योग्य ती कार्यवाही केली.

मंत्रालयात तात्यांना जिन्याखालच्या बाजूला एक दालन मिळालं. त्यात एक टेबल, एक कपाट आणि सावंत नावाचे एक अधिकारी होते. सावंत मूळचे कोकणातले, निवृत्तीला आलेले. त्यांनी तोवर पाच मंत्री पाहिले होते, आणि पाचांपैकी एकही बांधावर गेलेला नव्हता. दिव्याची गाडी घेऊन तात्याही पहिलं वर्षभर नाशिककडेच पळत राहिले. लग्नात गाडीचा दिवा लागलेला असला की अक्षता टाकायला वजन येतं.

बांधावर जायचं ठरलं ते एका फोटोसाठी. खात्याची पुस्तिका निघणार होती, आणि मंत्र्यांचा समुद्राबरोबर फोटो हवा होता. आम्ही कसारा घाट उतरून, भिवंडी, पनवेल करत रायगडात कोपरखार नावाच्या गावी पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. खाडीच्या कडेनं मातीचा लांब बांध होता, आणि तो मधेच वीस हात फुटलेला. आतल्या बाजूला शेतं होती असं सावंत म्हणाले. मला फक्त करडा चिखल आणि त्यावर पांढरी साय दिसत होती.

गावातली पाच-पन्नास माणसं जमली. भाषणाची वेळ झाली. तात्यांनी घसा खाकरला, तेवढ्यात एक काटक म्हातारी पुढं आली. तिचं नाव चतुराबाई.

“तुमी शेती करता?” तिनं विचारलं.

“करतो ना. टोमॅटो, फ्लॉवर.”

तिनं वाकून चिखलाचा एक गोळा उचलला आणि मंत्र्यांच्या तळहातावर ठेवला. “मग चाखा.”

सावंत पुढं झाले, पोलीस पुढं झाला. तात्यांनी दोघांना हातानं थांबवलं. गोळ्यातली चिमूटभर माती त्यांनी जिभेवर ठेवली. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. तो चेहरा मी पाच वर्षं दहाव्याला पाहिला होता, खोट्या दुःखाचे त्याचे सगळे प्रकार मला ठाऊक होते. हा त्यातला नव्हता.

“किती वर्षं?” त्यांनी विचारलं.

“चार. भात होत नाय. गवत पन नाय.”

“बांध फुटला कसा?”

यावर माणसांनी आधी पोलिसाकडे पाहिलं. मग सगळं बाहेर आलं. शेजारी कोळंबीची तळी होती. तळ्यांना खारं पाणी लागतं. तळ्यांचा मालक भरतीच्या वेळी बांध फोडून घेत होता, आणि तो सरकारातल्या एका वजनदार माणसाचा मेव्हणा होता. बांधात पूर्वी एक लोखंडी दार होतं, त्याला तिकडे उघाडी म्हणतात. ओहोटीला ते आपसूक उघडतं आणि शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीला आपसूक मिटतं. ते दारही त्यानं काढून नेलं होतं.

फोटो राहूनच गेला. परतीच्या वाटेवर तात्या घाट चढेपर्यंत रुमालानं जीभ पुसत होते. इगतपुरी आल्यावर म्हणाले, “जीवनराव, चाळीस वर्षं माती हातात घेतोय. तोंडात घ्यायची वेळ कधी आली नव्हती.” थोड्या वेळानं परत, “तिच्या जागी मी असतो तर मंत्र्याच्या तोंडावर मारली असती.”

इथून पुढं तात्यांचं राजकीय नुकसान सुरू झालं, कारण ते काम करायला लागले.

आधी त्यांनी नियमानं जाऊन पाहिलं. टिपणी केली, ती फिरून परत आली. पुन्हा केली, तिच्यावर कुणीतरी लिहिलं होतं, ‘योग्य ती कार्यवाही व्हावी.’ तात्यांनी ते बराच वेळ वाचलं. “हे आपलंच हे का हो?” म्हणाले. मी म्हणालो, नाही, पण घराणं तेच.

मग तात्या रुसले. त्या काळात अपक्ष आमदार अधूनमधून रुसायचे, ती रीतच होती. कुणी महामंडळासाठी रुसे, कुणी जावयाच्या बदलीसाठी. तात्यांनी घरी येऊन फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवला आणि टोमॅटो खुडायला शेतात गेले. सरकार तसं काठावरचंच होतं. तिसऱ्या दिवशी मुंबईहून एक बडे अधिकारी पॉलिश केलेल्या बुटांनी सऱ्या ओलांडत आले.

“खंडेरावजी, आपल्याला हवंय तरी काय? स्पष्ट सांगा. खातं बदलून हवंय?”

“नाय. उघाडी पायजे.”

“उघडी?” अधिकारी गोंधळले. “काय उघडी?”

“दार. लोखंडी. कोपरखारच्या बांधाला. आणि बांध पण.”

“एवढंच?” त्यांना ते पटेना. सरकार पाडायची धमकी देणाऱ्या माणसानं चिखल मागावा, यात काहीतरी खोल डाव असणार असं त्यांना वाटलं. मला एका बाजूला घेऊन त्यांनी तीनदा विचारलं, की खरं काय आहे? मी खरं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही, पण बांध मंजूर झाला.

तात्यांनी तो उभं राहून बांधून घेतला. दोन वर्षांत बावीस वेळा ते कोपरखारला गेले. कोळंबीवाल्यानं माणसं आणून काम थांबवलं तेव्हा तात्या दिव्याच्या गाडीसकट बांधावर जाऊन बसले आणि तिथंच डबा खाल्ला. नागपूरच्या अधिवेशनात पहिल्यांदा तोंड उघडून त्यांनी अकरा मिनिटं उत्तर दिलं. विषय खारजमिनीचा होता, म्हणजे सभागृहात नऊ जण होते, आणि त्यातले दोन झोपलेले. पण ते भाषण मी लिहिलेलं नव्हतं. १९९८ च्या दिवाळीला कोपरखारला सहा वर्षांनी भात कापला गेला.

इकडे तालुक्यात काय चाललं होतं ते सांगायला नको. त्या दोन वर्षांत तात्यांची तीनशे लग्नं बुडाली. दशक्रियांचा तर हिशेबच नाही. त्या सगळ्या ज्ञानेशनं पकडल्या. त्याचं भाषण वाईट असायचं, पण तो यायचा. गारपिटीनं द्राक्षबागा झोपल्या, तेव्हा तात्या तिसऱ्या दिवशी पोचले. ज्ञानेश गारा वितळायच्या आत हजर होता. तात्यांची चूक होतीच ती. बागेत उभं राहून लताबाई सरपंचांनी तोंडावर सांगितलं, “तात्या, तुमचा समुद्र कुठवर आलाय? आमच्या शिवारात येणार असंल तर कळवा, आम्ही पण होड्या घेऊ.”

१९९९ ची निवडणूक भर श्रावणात आली. तात्यांची हवा नाही असं कोपरखारला कुणीतरी सांगितलं असावं. एका सकाळी दोन टेम्पो भरून माणसं आमच्या दारात उतरली. चतुराबाई पुढं. “आमी परचार करतो,” म्हणाली. त्यांनी उपकार फेडायला बरोबर काय आणलं असेल? पोती भरून सुकट. सुकी मासळी. श्रावणात, आणि तेही वणीकडच्या माळकरी गावांत. घराघरात जाऊन ती माणसं हात जोडून सांगायची, आमचा मंत्री लय चांगला, त्याला मत द्या, आणि वर एक पुडी हातात ठेवायची. दोन दिवसांत तालुकाभर झालं, की गायखे बाहेरून भाड्यानं माणसं आणतात आणि श्रावण बाटवतात. तिसऱ्या दिवशी काकूंनी त्यांना पुरणपोळी खायला घालून, प्रत्येकीला खण देऊन टेम्पोत बसवलं.

तात्या सव्वीस हजारांनी पडले.

निकालाच्या दिवशी काकू म्हणाल्या, “ज्यांच्यासाठी केलं त्यांना इथं मत नाही. ज्यांना मत आहे त्यांच्यासाठी केलं नाही. आता तरी कळलं का?”

“कळलं,” तात्या म्हणाले.

आणि खरंच कळलं. पुढची पाच वर्षं त्यांनी एकही मयत सोडलं नाही. घोटीला कुणाचा सासरा गेला तरी तात्या तिथं, मालेगावला कुणाच्या मामेबहिणीचं लग्न असलं तरी अक्षता टाकायला हजर. ज्ञानेश आमदार होऊन मुंबईत कामं करत बसला, त्यानं दोन रस्ते आणि एक दवाखाना आणला, त्यामुळं त्याच्यावर लोकांचा राग वाढत गेला. रस्ता आपल्या वस्तीवरून का नेला नाही, असा. २००४ साली तात्यांना पक्षानं परत बोलावलं, आणि ते एकोणीस हजारांनी निवडून आले. या वेळी मंत्रिपद विचारलंही नाही कुणी, आणि तात्यांनी मागितलंही नाही.

२००५ च्या जुलैत कोकणात तो भयंकर पाऊस झाला. डिसेंबरात एका सकाळी चतुराबाई दारात उभी होती. बरोबर तिची सून सायली. तिघीचौघी आणखी. लग्नसराई होती. तात्या फेटा बांधून बाहेर निघत होते, साडेअकराचा मुहूर्त होता आणि नवरदेव एका मोठ्या बागाईतदाराचा मुलगा.

“बांध गेला, साहेब,” सायली म्हणाली. “उघाडी पण गेली. कोळंबीवाला म्हणतो आता बांधूच देणार नाही. मेव्हणा आता मंत्री झाला त्याचा.”

तात्यांनी अर्ज घेतला. चष्मा लावला. नीट वाचला, मान हलवली. आणि माझ्याकडे दिला.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते फेट्याचा शेमला नीट करत होते. मी कोपऱ्यात लिहिलं आणि पुढं केलं, आणि त्यांनी सही केली.

चतुराबाईला वाचता येत नव्हतं. तिनं सुनेला विचारलं, “काय लिवलं?”

सायलीनं वाचलं. “योग्य ती कार्यवाही व्हावी.”

“म्हंजे?”

मी पेनाला टोपण लावलं. मग तात्या म्हणाले, “म्हणजे होईल.” आणि गाडीत बसले.

बायकांनी हात जोडले. ते मला अजून आठवतं, की त्यांनी हात जोडले. लग्नात तात्यांनी आशीर्वादाचं भाषण केलं, जेवले, जिलबी दोनदा घेतली. परतताना म्हणाले, “इथली माणसं सोडून तिकडं गेलो तर काय होतं ते बघितलंय आपण.” मी म्हणालो, हो. “मग?” ते म्हणाले. मी काही विचारलंच नव्हतं.

तो अर्ज दालनादालनातून फिरला. खारजमिनीचे तेव्हाचे मंत्री विदर्भातले होते. सावंत निवृत्त झाले होते. तीन वर्षांत अर्जावर आणखी सात जणांनी योग्य ती कार्यवाही केली.

२००८ साली तात्यांचा मतदारसंघ गेला. म्हणजे हरले नाहीत ते, मतदारसंघच गेला. नव्या पुनर्रचनेत आमच्या तालुक्याचे तीन तुकडे झाले, प्रत्येक तुकडा वेगळ्या मतदारसंघाला जोडला, आणि ज्यात तात्यांचं गाव पडलं तो राखीव झाला. दोन्ही चेअरमन, ज्ञानेश आणि सगळ्या निवडणुका मिळून जे करू शकले नाहीत, ते दिल्लीत बसलेल्या कुणीतरी एका नकाशावर पट्टी ठेवून केलं. तात्या सुन्न झाले. आमदारकीचं दीड वर्ष बाकी होतं, पण ज्यांची मतं पुन्हा मागायची ती माणसंच उरली नव्हती. लग्नपत्रिका यायच्या, आणि त्या घेऊन कुठं जायचं हे त्यांना कळेना.

एका सकाळी ते ओट्यावर पत्रिका चाळत होते. काकू मेथी निवडत होत्या. “त्या चिखलवाल्या बायांचं काय झालं?” काकूंनी विचारलं.

“कुठं काय.”

“मग जा की आता. कुणाला भ्यायचंय? तुमचे मतदार तर सरकारनंच उचलून नेले.”

तात्यांनी पत्रिका खाली ठेवल्या. दोन दिवसांनी आम्ही कोपरखारला गेलो. दिव्याची गाडी नव्हती, पोलीस नव्हता. चतुराबाई ओसरीवर जाळं विणत होती. शेतं पुन्हा करडी झाली होती. तिनं तात्यांना ओळखलं, पण उठली नाही, चहाही विचारला नाही.

“तीन वर्सं झाली,” ती म्हणाली.

“हो.”

“तुमी म्हनला होईल.”

“खोटं बोललो,” तात्या म्हणाले. “लग्नाला जायचं होतं.”

त्यांच्या तोंडून इतकं सरळ वाक्य मी अठरा वर्षांत ऐकलं नव्हतं. चतुराबाईनं जाळं खाली ठेवलं. मग सायलीला हाक मारून म्हणाली, “कागद आन ते सगले. यांना दाखीव.”

उरलेलं दीड वर्ष तात्यांनी त्यावर काढलं. आता रुसून उपयोग नव्हता, त्यांच्या रुसण्याला भाव राहिला नव्हता. म्हणून ते दारोदार गेले. मंत्रालयात बाकड्यावर बसले. आयुष्यातला पहिला तारांकित प्रश्न त्यांनी विधानसभेत विचारला. तोवर खारजमीन खातं कोळंबीवाल्याच्या मेव्हणामंत्र्यांकडेच आलं होतं, आणि त्यांनी उत्तर दिलं, की बांध फुटल्याची शासनाकडे नोंद नाही. तात्यांनी खिशातून मातीची पुडी काढली आणि मंत्र्यांनी चाखून पाहावी अशी विनंती केली. अध्यक्षांनी ती कामकाजातून काढून टाकली, म्हणजे पुडीही आणि विनंतीही. पण दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, तिसऱ्या दिवशी दुसऱ्यात आठ. निवडणूक तोंडावर होती आणि मेव्हणामंत्र्यांना त्याच भागातली स्वतःची मतं सांभाळायची होती. २००९ च्या मे महिन्यात बांध उभा राहिला आणि उघाडी बसली. उद्‌घाटन मेव्हणामंत्र्यांनी केलं. त्यांनी अर्धा तास स्वतःचे आभार मानले. तात्या मंडपात मागच्या रांगेत होते.

ऑक्टोबरात निवडणूक झाली. तात्या उभे नव्हते. मी पंचायत समितीत परत गेलो, कनिष्ठचा वरिष्ठ लिपिक होऊन. दिवाळीच्या सुमारास तात्या म्हणाले, कोपरखारला जाऊन येऊ, हिलाही घेऊ. काकूंनी समुद्र पाहिला नव्हता. आम्ही एस.टी.नं गेलो.

बांधावर उभं राहिलं की एका हाताला खाडी आणि दुसऱ्या हाताला भात दिसत होता, कापणीला आलेला. ओहोटी होती. उघाडीतून पाणी खळखळ बाहेर जात होतं. काकूंनी पदर सावरला, खाडीकडे फारसं पाहिलं नाही. शेतकऱ्याची मुलगी ती. खाली उतरून त्यांनी एक लोंबी हातात घेतली, दाणा नखानं फोडून पाहिला.

“यापायी पडलो होय आपण?” त्या म्हणाल्या.

“यापायीच,” तात्या म्हणाले.

काकूंनी आणखी एक दाणा फोडला. “भरलाय चांगला.”

मग सायली बोलवायला आली, जेवण तयार होतं. चतुराबाईनं तात्यांना पाटावर बसवलं आणि स्वतः वाढायला घेतलं. दुपारची तीनची गाडी होती. ती आम्हाला मिळाली.